काच पुसायचा लांब पोल छोट्या गाडीत कसा ठेवाल? लाल फडकं बांधून भागत नाही

चाकण : पिंपरी-चिंचवडपासून चाकण एमआयडीसीपर्यंत काचेच्या इमारती वाढल्या, तशी काचा पुसायची कामंही वाढली. कंपन्यांची ऑफिसं, गाड्यांचे शोरूम, हॉस्पिटल, सोसायट्या, सगळीकडे महिन्या-दोन महिन्यांनी काचा धुवाव्या लागतात. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर तालुक्यांतले अनेक तरुण हाऊसकीपिंगच्या कामावर आहेत. काही जण पुढे जाऊन स्वतःचा छोटा ठेका घेतात. भांडवल फार लागत नाही. एक ईको, जुनी ओम्नी किंवा छोटा हत्ती, दोन-तीन माणसं, बादल्या, वायपर, पाण्याची टाकी आणि लांब पोल एवढ्यावर काम सुरू होतं.

अडचण येते ती या शेवटच्या वस्तूची. बादली कुठेही मावते, पोल मावत नाही. मग कुणी मागचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधतं, कुणी पोलचं टोक ड्रायव्हरच्या शेजारून पुढच्या काचेपर्यंत नेतं, तर कुणी फाळक्यावर तिरपा टेकवून टोकाला लाल फडकं लावतं. या तिन्ही पद्धती रोज दिसतात आणि तिन्ही धोक्याच्या आहेत. पाईप, सळई, बांबू, शिडी नेणाऱ्यांनाही पुढची माहिती तितकीच लागू आहे.

कायदा काय म्हणतो?

'मागे लाल कापड बांधलं की माल बाहेर काढता येतो' हा समज गावोगाव पक्का आहे. त्याला कारणही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ९३ क्रमांकाच्या नियमात पूर्वी एक सवलत होती. मालवाहू गाडीतला लांब माल काही अटींवर मागे एक मीटरपर्यंत बाहेर निघालेला चालत असे. बाहेर निघालेल्या सळयांमुळे होणारे मृत्यू पाहून सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ही सवलत काढून टाकली. म्हणजे एक मीटरची सूट गेली त्याला दहा वर्षांहून जास्त काळ झाला. फडकं लाल असो की भगवं, त्याने माल कायदेशीर होत नाही.

दंडही आता मोठा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१ए) आलं. माल गाडीच्या बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला, तर या कलमात २० हजार रुपये दंड लिहिलेला आहे. शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो आणि माल नीट केल्याशिवाय गाडी पुढे हलवता येत नाही. हा गुन्हा फक्त ड्रायव्हरचा नाही. गाडी तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा मालकही त्यात येतो. जागेवर तडजोड म्हणून किती रक्कम घ्यायची, हे राज्य सरकारच्या अधिसूचनेवर ठरतं. पण सकाळच्या कामाला निघालेली गाडी तळेगाव चौकात अडकून पडली, तर त्या दिवसाची मजुरी आणि कंपनीतला शब्द दोन्ही जातात.

निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर गोष्ट दंडावर थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मागून पोल दिसतच नाही

कायदा एवढा कडक का, हे समजायला एक साधा प्रयोग पुरेसा आहे. पोल आडवा धरून बघा, लांबून दिसतो. आता त्याचं टोक डोळ्यांसमोर धरा. सात फुटांचा पोल नाण्याएवढा गोल ठिपका होऊन जातो. गाडीच्या मागे असलेल्या दुचाकीवाल्याला पोल असाच दिसतो.

त्यात फाळक्यावर तिरपा टेकवलेल्या पोलचं टोक वर उचललं जातं आणि ते बऱ्याचदा दुचाकीवाल्याच्या छाती-तोंडाच्या उंचीवर येतं. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावर शिफ्ट सुटली की दुचाक्या गाड्यांना चिकटून चालतात. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्याकडे थांबायला जेमतेम काही फूट असतात. अंधार पडलेला, समोरून डोळ्यांवर लाईट, अशा वेळी तो ठिपका दिसणार कसा? हेल्मेटची पुढची काच पोलचं टोक अडवेल, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही.

मागचं दार उघडं ठेवण्यात आणखी एक धोका आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. बंद गाडीचं मागचं दार उघडं असलं की चालताना सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही त्याची लक्षणं. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेल्या गाडीत मागे बसलेल्या हेल्परला 'दमलोय म्हणून झोप येतेय' असं वाटू शकतं.

आत ठेवला, पण सुटा ठेवला तर?

पोल पूर्ण आत आहे, दार बंद आहे, मग काळजी मिटली असं नाही. गाडी थांबते ती ब्रेकमुळे, पण आतल्या सुट्या वस्तूला ब्रेक नसतो. ती त्याच वेगाने पुढे जात राहते.

हिशोब बघा. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ती कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर मागचा सुटा पोल त्याच वेगाने पुढे येतो. साधारण २० फुटांवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर आपटताना तेवढाच वेग असतो. वेग ताशी ६० असेल तर तो धक्का ४५ फुटांवरून पडल्यासारखा बसतो. पोलचं वजन चार-पाच किलो असेल, पण सगळा जोर नाण्याएवढ्या टोकावर येतो. आणि ते टोक असतं ड्रायव्हरच्या किंवा हेल्परच्या मानेच्या मागे.

म्हणूनच दोन सीटच्या मधून पोल पुढे काढणं चुकीचं आहे. गिअर, हँडब्रेक यांना तो अडतो आणि वळणावर ड्रायव्हरच्या हाताला लागतो. गाडीत पुढची सीट आणि मागचा माल यांच्यामध्ये लोखंडी जाळी किंवा पत्र्याचं पार्टिशन असायलाच हवं. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाईपची फ्रेम आणि जाळी बनवून घेता येते. ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्की हवी. नुसती तारेने बांधलेली जाळी पोलबरोबरच पुढे येईल.

आधी गाडी मोजा, मग पोल घ्या

बहुतेक जण उलटं करतात. काम मिळालं की लांब पोल आणतात आणि मग तो गाडीत कसा बसेल याची खटपट सुरू होते. खरं माप गाडीपासून सुरू करायचं असतं.

मेजरिंग टेप घ्या आणि पार्टिशनपासून बंद केलेल्या मागच्या दारापर्यंतची आतली लांबी मोजा. दार उघडं ठेवून मोजू नका, कारण दाराचं आतलं हँडल आणि कुलूपही दोन-चार इंच खातं. सीएनजीची टाकी मागे असेल तर ती सोडून उरलेली जागा धरा.

पोल सरळ बसत नसेल तर तिरपा बसतो का ते बघा. समजा आतली जागा सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सात फूट दोन इंच भरतं. शाळेतला पायथागोरसचा नियम इथे कामाला येतो. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांच्या आसपास रुंद असतो, त्यात तिरपं अंतर साडेआठ फुटांच्या जवळ जातं. पण तिरप्या पोलमुळे बाकीचं सामान ठेवायला अडचण होते, म्हणून हा मार्ग कधीमधीच्या कामासाठी ठीक. रोजच्या कामाचा पोल सरळच बसला पाहिजे.

जे माप येईल त्यातून तीन-चार इंच वजा करा. उरलेली लांबी म्हणजे तुमच्या पोलची जास्तीत जास्त 'बंद' लांबी. दुकानदार सांगतो ती उघडी लांबी, तुम्ही विचारायची ती बंद लांबी.

सरकणारा पोल नळीत नळी अशा तुकड्यांचा असतो. २० फुटांचा पोल तीन तुकड्यांचा असेल तर बंद केल्यावर तो सात फुटांच्या पुढेच राहणार, छोट्या व्हॅनमध्ये तो अडतो. तोच २० फुटांचा पोल चार तुकड्यांचा असेल तर साडेपाच-सहा फुटांच्या आसपास बंद होतो. ३० फुटांचा पोल सहा तुकड्यांत मिळाला तर तोही सहा फुटांच्या गाडीत बसू शकतो. तुकडे जास्त म्हणजे क्लॅम्प जास्त, थोडा डळमळीतपणाही जास्त, पण गाडीचं दार बंद होतं. नुसतं सरकून भागत नसेल तर सुटे होणारे, एकमेकांत खोचायचे तुकडेही येतात.

गरज किती, हेही बघा. एक मजला साधारण दहा फुटांचा धरला, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या वरच्या कडेला, म्हणजे तळमजल्यासह तीन मजल्यांना, ३० फुटांपर्यंत पोहोचावं लागतं. पोल माणसाच्या हातात असतो, म्हणजे चारेक फूट उंची तिथेच मिळते, पण तो तिरपा धरल्यामुळे थोडी उंची जातेही. वर्षातून एकदाच उंच इमारतीचं काम असेल, तर त्यासाठी मोठा पोल विकत घेऊन रोज गाडीत फिरवण्यात अर्थ नाही.

गाडीत जागा कुठे?

पहिली जागा तळाची, एका बाजूच्या पत्र्याला लागून. वजन खाली राहतं आणि गाडी डोलत नाही. पण वर बादल्या, केमिकलचे कॅन आपटले की पोलला पोचे पडतात. त्यासाठी पोल नळीत ठेवावा. प्लंबिंगच्या दुकानात ड्रेनेजसाठी मिळणारा चार इंची पीव्हीसी पाईप दहा फुटांच्या लांबीत येतो. तो गाडीच्या मापाने कापून घ्या. पुढच्या टोकाला टोपण कायमचं चिकटवा, मागच्या टोकाला फिरकीचं झाकण बसवा. ब्रश आणि वायपर आधी काढून घेतला की एक पोल क्लॅम्पसकट आरामात आत जातो. पाईपच्या खालच्या बाजूला दोन-तीन छोटी भोकं पाडा, म्हणजे ओल्या पोलचं पाणी साचणार नाही.

दुसरी जागा छताच्या आतल्या बाजूला. तीच पीव्हीसी नळी छताजवळ लोखंडी पट्टीच्या कड्यांत अडकवता येते. खालची जागा पूर्ण मोकळी राहते, पण कडी पक्की हवी. छताच्या पातळ पत्र्यात नुसता स्क्रू मारला तर खड्ड्यात आदळून तो सैल होतो. बाजूच्या खांबांना आधार घेणारी आडवी पट्टी टाकून त्यावर कडी बसवा. आणि नळीचं पुढचं टोक माणसाच्या डोक्याच्या रेषेत असेल तर ते पार्टिशनला टेकलेलंच पाहिजे. भोक पाडण्याआधी वायरिंग, इंधनाची नळी आणि सीएनजीची लाईन कुठून गेली आहे ते गॅरेजवाल्याला दाखवून घ्या.

तिसरी जागा टपावर. ईको साधारण १२ फूट लांब आहे, त्यामुळे सहा-सात फुटांचा बंद पोल टपावर ठेवला तर पुढे-मागे बाहेर निघत नाही. पण उन्हात पीव्हीसी मऊ पडतो, गावठाणात खाली लोंबणाऱ्या सर्व्हिस वायरी आणि सोसायट्यांच्या कमानी लागू शकतात आणि चोरीची भीती राहते. कॅरिअर बसवून घ्यायचं असेल तर आरटीओत आधी विचारा. आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. प्रवासी गाडीतल्या सीट काढून मालगाडी करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

उघड्या हौद्याच्या गाडीत पोल हौद्याच्या लांबीत बसत असेल तर तळाला, बाजूच्या फाळक्याला लागून ठेवा. केबिनच्या टपावर टेकवून तिरपा उभा करू नका.

बांधायचं कसं?

पोल तीन ठिकाणी बांधा, दोन्ही टोकांजवळ आणि मध्ये. एकाच ठिकाणी मध्यावर बांधलेला पोल तराजूच्या दांडीसारखा फिरतो. नायलॉनची दोरी गुळगुळीत ॲल्युमिनियमवर सरकते, म्हणून आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पोलवर गुंडाळा आणि त्यावर दोरी किंवा रॅचेटचा बेल्ट ओढा. दुचाकीवर सामान बांधायचा ताणणारा रबर एकटा पुरत नाही, कारण धक्का बसला की तो ताणला जातो आणि पोल निसटतो.

बाजूला न सरकणं आणि पुढे न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेल्ट पोलला बाजूला जाऊ देत नाही, पण लांबीच्या दिशेने तो निसटू शकतो. त्यामुळे पोलचं पुढचं टोक नेहमी पार्टिशन, हौद्याची पुढची भिंत किंवा नळीचं पक्कं टोपण अशा ठोस गोष्टीला टेकवा. मधे मोकळी जागा ठेवली तर पोलला वेग घ्यायला वाव मिळतो.

पाण्याची टाकीही विसरू नका. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन. टाकी सैल असेल तर पोलच काय, पार्टिशनही टिकणार नाही. आधी टाकी पक्की, मग बाकी सामान.

पोल टिकावा म्हणून

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात धूळ भरपूर. ही धूळ सरकणाऱ्या नळ्यांत गेली की कागद घासल्यासारखा पोल घासला जातो आणि क्लॅम्प धरत नाहीत. काम संपल्यावर पोल साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि मगच बंद करा. गाडीत ठेवताना तो टोक खाली करून पाणी निथळू द्या. घरी गेल्यावर नळीचं झाकण उघडं ठेवा. पोल पूर्ण बंद केल्यावर क्लॅम्प फार आवळू नका, नुसते सरकणार नाहीत एवढेच लावा. भर उन्हात बंद गाडीत पोल दिवसभर ठेवण्यापेक्षा सावलीत गाडी लावलेली बरी. कार्बन किंवा फायबरच्या पोलला चीर गेली असेल तर तो वापरू नका, त्याची बारीक कुसळं हातात शिरतात.

गाडीतून काढताना आधी वर बघा

इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. ॲल्युमिनियममधून वीज जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण काळ्या कार्बनच्या पोलमधूनही वीज जाते हे अनेकांना माहीत नसतं. फायबरचा किंवा लाकडाचा पोल कोरडा असताना बरा, पण ओला किंवा मळलेला असला की त्याचाही भरवसा नाही. आणि काच धुण्याच्या कामात पोल ओला असतोच. बोअरचा पाईप वर काढताना तारेला लागून कसे अपघात होतात, ते शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून गाडी विजेच्या तारेखाली किंवा डीपीजवळ उभी करून पोल काढू नका. पोल आडवाच बाहेर काढा, आडवाच इमारतीजवळ न्या आणि तिथे वर बघूनच उभा करून लांब करा. पोल पूर्ण उघडून कुठल्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढं अंतर हवं. अंतर कमी वाटत असेल तर काम थांबवा आणि कंपनीच्या इलेक्ट्रिशियनला किंवा महावितरणला विचारा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे.

पोल बसतच नसेल तर?

तेव्हा जुगाड करू नका. मोठा पोल ज्या कंपनीत किंवा सोसायटीत नेहमी काम असतं तिथेच ठेवायची परवानगी मागा, बऱ्याच ठिकाणी स्टोअरमध्ये जागा मिळते. नाहीतर त्या एका दिवसासाठी लांब हौद्याची गाडी भाड्याने घ्या. भाडं खर्चात धरून तेवढं कोटेशन वाढवा. काम देणाऱ्याला कारण सांगितलं तर तो ऐकतो, कारण त्याच्या गेटवर अपघात झालेला त्यालाही परवडत नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं

– मागचं दार किंवा फाळका पूर्ण बंद होऊन लॉक झाला का?
– पोलचं कुठलंही टोक गाडीच्या बाहेर नाही ना?
– पुढचं टोक पक्क्या भिंतीला टेकलं आहे का? तीन ठिकाणी बांधलं आहे का?
– ब्रश, वायपर काढून वेगळे ठेवले का?
– पाण्याची टाकी आणि केमिकलचे कॅन हलत नाहीत ना?
– पोल हाताने जोरात पुढे-मागे ओढून बघितला का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हाताने ओढल्यावर हलणारा पोल ब्रेक लागल्यावर नक्की हलणार. त्या वेळी पुढे सीटवर बसलेलं माणूस घरचं असतं आणि मागून दुचाकीवर येणारा शेजारच्या गावचा, शिफ्ट संपवून घरी निघालेला असतो.